एका गोटीची गोष्ट

गोटी म्हटलं की कुणाला शाळेच्या मैदानावरचा खेळ आठवेल, कुणाला सोड्याच्या बाटलीतली काचेची गोटी. गॅरेजमध्ये मात्र सॉकेटला गोटी म्हणतात. आपल्या वर्कशॉपच्या टूल रूममध्ये "सर, सॉकेट द्या" म्हटलं तर मिळतं. हायवेवरच्या गॅरेजात सॉकेट मागितलंत तर इलेक्ट्रिशियनचं दुकान दाखवतील! मला हे तिसऱ्या वर्षाला, मशिन डिझाइनचा पेपर सुटल्यावर कळलं. आणि ज्या गोटीमुळे कळलं, ती शोधता शोधता माझी दिवाळीची निम्मी सुट्टी गेली.

आमच्या आबांचा स्वतःचा ट्रक आहे. दहा टायरी. रत्नागिरीकडून जांभ्याचे चिरे भरायचे आणि कोल्हापूर भागात उतरवायचे, हा धंदा. गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस गाडी आंबा घाट चढून मलकापूरला चहाला थांबली. क्लीनर पोरगं सवयीप्रमाणे टायरांवर हात मारत फिरलं आणि डाव्या बाजूच्या मागच्या हबला हात लागताच ओरडलं. तळवा भाजला होता. हबमधून ग्रीसचा काळा ओघळ खाली ड्रमवर आलेला, आणि जळक्या वासाने चहावाल्यानेही नाक मुरडलं. आबांनी दोन तास गाडी थंड केली आणि सायकलच्या वेगाने घरापर्यंत आणली.

मी होस्टेलवरून घरी पोचलो तेव्हा गाडी दारात घोडीवर चढवलेली, चाकं उतरवलेली आणि मेस्त्री बिडी ओढत बसलेले. मला बघून म्हणाले, "आलं बघा इंजिनेर! सांग की, बेरिंग का जळलं?"

मी व्हायवातलं उत्तर दिलं. टेपर रोलर बेअरिंग रेडियल आणि अ‍ॅक्सियल असे दोन्ही लोड घेतं, वंगण कमी पडलं तर तापतं, वगैरे. मेस्त्रींनी हबमधलं ग्रीस दोन बोटांवर घेतलं आणि उन्हात धरलं. ग्रीसमध्ये चांदीसारखं काहीतरी चमकत होतं. "वंगान कमी न्हाई. ह्यो लोखंडाचा चुरा बघ. छन्नीचा हाय."

दोन महिन्यांपूर्वी वाटेत दुसऱ्या एका ठिकाणी याच हबचं ऑइल सील बदललं होतं. त्या कारागिराकडे या नटाची गोटी नव्हती. त्याने छन्नी लावली, हातोड्याने ठोकत नट सोडला आणि तसाच ठोकत परत आवळला. नटाचे कोपरे फुलासारखे उमलले होते. त्यांचेच बारीक तुकडे बेअरिंगमध्ये गेले होते.

इथे थोडं हबचं पोट उघडून दाखवायला हवं, नाहीतर पुढची शोधाशोध कळणार नाही. ट्रकचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो, हे आपण ऑटोमोबाइलच्या पुस्तकात वाचतो, चित्र काढतो आणि विसरतो. अर्थ असा की गाडीचं वजन फिरणाऱ्या शाफ्टवर नसतंच. ते एक्सलच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर असतं. त्या नळीच्या टोकावर दोन टेपर रोलर बेअरिंगं समोरासमोर बसवलेली असतात आणि त्यांच्यावर हब फिरतो. शाफ्ट फक्त चाकाला पीळ देतो. म्हणूनच फ्लँजचे बोल्ट काढले की चाकं जागेवर असतानाही अख्खा शाफ्ट तलवारीसारखा बाहेर ओढता येतो. (खाली ट्रे ठेवा. डिफरन्शियलचं तेल पायावर येतं. अनुभव!) शाफ्ट काढला की आत, खोल विहिरीत दिसावा तसा, बेअरिंगचा नट दिसतो. त्याच्यावर लॉक वॉशर आणि त्याच्याही वर दुसरा चेक नट.

आता ही टेपर बेअरिंगची जोडी मोठी लहरी. हेन्री टिमकेन यांनी तिचं पेटंट अमेरिकेत १८९८ मध्ये घेतलं, ते घोडागाड्यांच्या चाकांसाठी. आजही तत्त्व तेच आहे: रोलर तिरके असल्यामुळे नट जितका आत जाईल तितका रोलर कप आणि कोनमध्ये दाबला जातो. म्हणजे बेअरिंगमधला प्ले कारखान्यात ठरत नाही, तो हा नट आवळणारा माणूस ठरवतो. जास्त आवळला तर रोलर दाबाखाली फिरतात, तापतात, ब्रेक ड्रमची उष्णता वर भर घालते, तापून धातू फुगतो आणि दाब आणखी वाढतो. शेवटी बेअरिंग नळीवर चिकटतं, नाहीतर चाकाला आग लागते. सैल राहिला तर चाक डुगडुगतं, वजन मोजक्याच रोलरांवर येतं, सील फाटतं आणि तेल ब्रेक लायनरवर जातं. घाटात, मागे चिऱ्यांचं ओझं असताना, ब्रेकला तेल लागणं म्हणजे काय ते ड्रायव्हरच्या घरात सांगावं लागत नाही. आमच्या घरात त्या दिवशी हे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण आईने आबांचं जेवणाचं ताट वाढताना दोनदा "हात भाजलेलं पोरगं बरं हाय का" एवढंच विचारलं.

बेअरिंग, सील, दोन्ही नट आणि लॉक वॉशर नवीन आले. मेस्त्री म्हणाले, "ह्या टायमाला गोटीबिगर नट लावायचा न्हाई." आणि शोध सुरू झाला.

पहिली गोटी क्लीनरने आणली. त्याने टेप लावून नट मोजला होता, साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर. दुकानदाराने ८५ ची गोटी दिली. जड, काळी, दिसायला एकदम दणकट. नटावर ठेवली, फिरवली, तिरकी केली, बसेचना. मी व्हर्निअर घेऊन वाकलो आणि चूक कळली. चुका खरं तर दोन होत्या. एक म्हणजे नट सहा कोनी नव्हताच, आठ कोनी होता. दुसरी म्हणजे टेप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लावला होता. पान्याचा नंबर नेहमी समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर असतो. सहा कोनी नटात कोपरा ते कोपरा हे अंतर त्याच्या १.१५५ पट भरतं, आठ कोनीत १.०८२ पट. आमचा नट सपाट बाजूंवर ८० एम.एम. होता, म्हणजे कोपऱ्यावर ८६.६. क्लीनरचा टेप खोटं बोलत नव्हता, फक्त चुकीच्या ठिकाणी बोलत होता. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये हेक्सागन काढताना "अ‍ॅक्रॉस फ्लॅट्स" म्हणून मला एकदा शीट परत मिळाली होती, तिचा राग त्या दिवशी गेला.

व्हर्निअर लावायचीसुद्धा एक तऱ्हा आहे. जुना, छन्नी खाल्लेला नट मोजायचा असेल तर आधी उमललेला भाग कानशीने साफ करा आणि एकच जोडी नको, सगळ्या बाजूंच्या जोड्या मोजा. आमच्या जुन्या नटाच्या एका जोडीवर ७८.८ येत होतं आणि दुसरीवर ८१.३. एकच वाचन घेऊन बाजारात गेलो असतो तर पुन्हा हात हलवत आलो असतो. त्यातल्या त्यात आतला नट कमी मार खाल्लेला असतो, तो जास्त खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेस्त्री त्यांच्या स्कूटरवरून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. ज्यांनी शिवाजी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांनी इंडस्ट्रिअल व्हिजिटच्या आधी तिथे एक चक्कर मारावी. एका गल्लीत लेथ, दुसरीत ग्राइंडिंग, तिसरीत फाउंड्रीतून आलेलं गरम कास्टिंग. दोन-तीन टूलच्या दुकानांत ८० नंबर मिळाला, पण सहा कोनी. एकाने सांगितलं, मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जा, तिथे हत्तीच्या नटाचीपण गोटी मिळेल. चौथ्या दुकानात अखेर आठ कोनी ८० हातात आली. मी तिथल्या तिथे पैसे काढणार, तेवढ्यात मेस्त्रींनी हात धरला. "भाईरनं माप."

बाहेरून गोटी १०८ एम.एम. भरली. आमच्या हबचं तोंड नटापाशी आतून १०४ होतं. म्हणजे गोटी नटाला बरोबर, पण नटापर्यंत पोचणारच नाही! चाकाच्या बाहेरच्या नटांना अशी अडचण नसते, त्यांच्याभोवती मोकळी जागा असते, म्हणून जाड भिंतीची, इम्पॅक्ट गनवर चालणारी गोटी तिथे उत्तम. हबचा नट मात्र विहिरीच्या तळाशी असतो. कोपऱ्यापाशी ८६.६ आणि हब १०४, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जागा १७.४. बोटभरसुद्धा नाही. हातात बसवायला थोडी मोकळीक सोडली तर गोटी बाहेरून १०० च्या वर नको. म्हणून या कामाच्या गोट्या पातळ भिंतीच्या, पाइपातून काढल्यासारख्या असतात आणि नेहमीच्या सेटमध्ये त्या कधीच नसतात.

तिसरं माप खोलीचं. हे मी एकटा असतो तर नक्की विसरलो असतो. एक्सलच्या नळीचं आटे असलेलं टोक नटाच्या बाहेर येतं. गोटी आतून पुरेशी खोल नसेल तर नळीचं टोक गोटीच्या बुडाला टेकतं आणि गोटी नटावर अर्धवटच बसते. आता गंमत बघा: खोली बाहेरच्या चेक नटापासून मोजून चालत नाही. बेअरिंगची खरी सेटिंग आतल्या नटाने होते आणि ती करताना बाहेरचा नट आणि वॉशर काढलेला असतो. म्हणजे आतल्या नटाच्या पुढे नळी जेवढी शिल्लक, तेवढी गोटीने गिळायला हवी. आमच्याकडे ती ४६ एम.एम. होती, नटाची जाडी १६. एकूण ६२. चेक नटावरून मोजलं असतं तर खूपच कमी आलं असतं, आणि नेमक्या महत्त्वाच्या नटावर गोटी अधांतरी राहिली असती.

शेवटी ट्रकच्या स्पेअर पार्टच्या एका जुन्या दुकानात वरच्या फळीवर, धुळीत, पाइपाचा बॉक्स पाना मिळाला. आठ कोनी, ८०, बाहेरून ९९, खोली भरपूर. मागच्या टोकाला टॉमी घालायला आरपार दोन भोकं. मेस्त्री खूश. मी नाही. कारण टॉमी घालून नट फिरतो, पण किती आवळला ते कळत नाही. टॉर्क रेंच लावायला मागे चौरस भोक हवं.

मेस्त्रींना हे पटायला उद्यमनगरातल्या चहाचे दोन कप लागले. त्यांचं म्हणणं, तीस वर्षं हाताच्या अंदाजाने बेअरिंग बसवतोय. ते खरंही होतं आणि त्यांची बेअरिंगं जळत नव्हती, हेही खरं. पण मी चहाच्या पावतीच्या मागे हिशेब मांडला. आमच्या नळीच्या आट्यांचा पिच २ एम.एम. मोजला होता. म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की २ एम.एम. पुढे जातो. आठ कोनी नटाची एक बाजू म्हणजे ४५ अंश, म्हणजे पाव एम.एम. आता अमेरिकेत ट्रकवाल्यांच्या संघटनेच्या मेंटेनन्स कौन्सिलने हबसाठी जी पद्धत छापली आहे, आर.पी. ६१८ नावाची, तिच्यात बेअरिंगचा एंड प्ले ०.०२५ ते ०.१२७ एम.एम. ठेवायला सांगितलाय. म्हणजे खालची आणि वरची मर्यादा यात अंतर फक्त एक दशांश एम.एम. ते नटाच्या फिरण्यात मोजलं तर सुमारे १८ अंश. घड्याळात मिनिटकाटा तीन मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढंच! छन्नीवर बसलेला एक घाव नट तीन मिनिटांवर थांबवेल की सहावर, हे छन्नीलाही माहीत नसतं.

मेस्त्रींनी पावती उलटी करून पाहिली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "चल टर्नरकडं."

टर्नरने १६ एम.एम. जाडीची प्लेट घेतली, गोल कापली, मध्ये १९ चं भोक पाडलं आणि स्लॉटिंग मशिनवर त्याचे कोपरे काढून पाऊण इंची ड्राइव्हचा चौरस केला. मग ती प्लेट पाइपाच्या मागच्या तोंडात बसवून वेल्डिंग केलं. वेल्डिंगनंतर सगळं परत लेथवर चढवलं, कारण प्लेट जरा जरी तिरकी झाली तरी रेंच लावल्यावर गोटी एका बाजूला कलते आणि नटावरून निसटते. मग मेस्त्रींनी आणखी एक काम सांगितलं, जे मला कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं. गोटीच्या तोंडाला आतून दोन-तीन एम.एम.चा उतार असतो, नट पटकन आत शिरावा म्हणून. जाड नटाला त्याने फरक पडत नाही. पण आमचा चेक नट १२ एम.एम. जाडीचा, त्यातले ३ उतारातच गेले तर पाव भाग पकडीतून गेला. टर्नरने तोंड फेसिंग करून तो उतार काढून टाकला. आता नट बसवताना जरा चाचपावं लागतं, पण एकदा बसला की कडेपर्यंत धरतो.

जाता जाता सांगतो, गरीब गॅरेजांत जुन्या नटावर लालबुंद पाइप ठोकून घरचीच गोटी बनवतात. मी तिला हसणार नाही, छन्नीपेक्षा ती शंभर पटीने बरी. पण साध्या पाइपाचं लोखंड मऊ असतं. चार-सहा वेळा जोर लावला की आतले कोपरे गोल होतात आणि मग ती नटाचेही कोपरे गोल करते.

राहिला टॉर्क रेंच. आपल्या वर्कशॉपमध्ये एक आहे, तुम्ही पाहिला असेल, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. सुट्टीत तो कॉलेजच्या गेटबाहेर नेणं म्हणजे काय दिव्य ते सांगून लेख लांबवत नाही. अर्ज, गेट पास, पुन्हा अर्ज. शेवटी आपल्या वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टर सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर रेंच आणि डायल गेज दिला, आणि रविवारी सकाळी स्वतःच आमच्या दारात हजर झाले! म्हणाले, "माझं इन्स्ट्रुमेंट आहे, मी येणारच." आबांनी त्यांच्यासाठी ओसरीतून खुर्ची आणली. सर त्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत.

काम तासाभराचं होतं. आर.पी. ६१८ ची तऱ्हा अशी की हब फिरवत फिरवत आतला नट आधी २०० फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे २७१ न्यूटन-मीटरवर आवळायचा. यामुळे रोलर नीट जागेवर बसतात. मग एक पूर्ण फेरा सैल करायचा, पुन्हा हब फिरवत ५० फूट-पौंडांवर, म्हणजे ६८ न्यूटन-मीटरवर आणायचा आणि तिथून आट्यांच्या हिशेबाने थोडा मागे घ्यायचा. मागच्या एक्सलला सहसा पाव फेरा. मग वॉशर, चेक नट, आणि शेवटी प्ले मोजायचा. हे आकडे पद्धत कळावी म्हणून लिहिले. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच पाळायचं, आम्हीही तेच पाळलं. अंदाज यावा म्हणून सांगतो: २७१ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पाइपाच्या टोकाला साधारण २८ किलोचा जोर. आमचा क्लीनर सवयीने पाइपावर उभा राहणार होता. त्याचं वजन साठ किलो धरलं तरी दुपटीच्या वर टॉर्क झाला असता.

"पाव फेरा म्हणजे तुझ्या हिशेबानं अर्धा एम.एम. झाला की रं," मेस्त्री म्हणाले. मी गप्प. कागदावर त्यांचं बरोबर होतं. सरांनी सोडवलं: नट मागे घेताना आधी दाबामुळे आलेला ताण सुटतो, आणि नंतर चेक नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या ढिलाईएवढा आत ढकलतो. म्हणून प्ले नेहमी चेक नट आवळल्यानंतर मोजायचा, आधीच्या वाचनाला अर्थ नाही. मी मनात म्हटलं, हे व्हायवात विचारलं नाही ते बरं झालं.

डायल गेजचा मॅग्नेट हबच्या तोंडावर, काटा नळीच्या टोकावर. मेस्त्रींनी दोन्ही हातांनी हब आत ढकलला, बाहेर ओढला. पहिल्यांदा ०.१९ आलं. जास्त. चेक नट सोडला, वॉशर काढला, आतला नट किंचित पुढे, पुन्हा सगळं आवळलं. ०.०८. मेस्त्रींनी डोळे मिटून परत एकदा हब हलवून पाहिला, बहुतेक ०.०८ हाताला कसा लागतो ते लक्षात ठेवत होते. मग वॉशरची जीभ नटाच्या सपाट बाजूवर वाकवली. नवा नट, एकही छन्नीचा घाव नाही, म्हणून जीभ बाजूला चिकटून बसली.

भाऊबीजेनंतर आबा पुन्हा रत्नागिरीला गेले. येताना मलकापूरला थांबले आणि फोन केला. क्लीनरने सगळ्या हबना उलटा तळवा लावून पाहिला होता. डावा मागचा आणि उजवा मागचा सारखेच कोमट. आई शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर "काय म्हणाले?" असं तिने विचारलं नाही, भाकरी थापायला गेली.

गोटी सध्या आबांच्या केबिनमध्ये सीटखाली गोणपाटात असते. वर पांढऱ्या ऑइलपेंटने "८० आठ कोनी" असं मीच लिहिलंय, म्हणजे पुन्हा कुणी टेप लावायला नको. मेस्त्री आत्तापर्यंत ती तीनदा उसनी घेऊन गेलेत, आणि प्रत्येक वेळी सोबत टॉर्क रेंचची चौकशी करतात. सर, अर्ज करू का?